पौर्णिमेची ओहोटी

सुट्टी कधी घ्यायची हे ठरविण्याचा अधिकार माणसाला फार उशिरा मिळतो. आधी तो शाळेच्या हेडमास्तरांकडे असतो, मग कचेरीतल्या साहेबांकडे, आणि त्यानंतर पुन्हा हेडमास्तरांकडेच. फक्त या खेपेला ते मुलांच्या शाळेचे असतात. चाळीस वर्षे मी समुद्र पाहिला तो मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. म्हणजे अवघी मुंबई, अवघे ठाणे आणि अवघे पुणे समुद्र पाहायला निघते तेव्हा. त्यामुळे समुद्र थोडा आणि माणसेच फार पाहिली असे म्हटले तरी चालेल.

निवृत्त झालो आणि हा अधिकार एकदम माझ्या हाती आला. पण सत्ता हाती आलेल्या पुष्कळांचे होते तेच माझेही झाले. तिचे करायचे काय ते कळेना! अशी काही वर्षे गेली, आणि २०२४ सालच्या भाद्रपदात, गणपतीचे मखर माळ्यावर ठेवता ठेवता, मी स्टुलावरूनच जाहीर केले, "दसरा झाला की आपण पाच दिवस कोकणात समुद्रावर राहायला जायचं."

"ऑक्टोबरात?" चिरंजीव म्हणाले, "बाबा, तेव्हा तर ऑफ-सीझन असतो." हा शब्द त्याने अशा काही सुरात उच्चारला, की त्या दिवसांत समुद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवतात की काय असे मला वाटले. सूनबाईंनी उन्हाची भीती घातली, नातवाने विजांची. आमच्या हिने एवढेच विचारले, "आणि वाळूत चालायचं ते कुणाच्या गुडघ्यांनी?"

प्रश्न बिनतोड होता. पण त्याचे उत्तर माझ्या खिशात होते. खिशात म्हणजे दादाच्या वहीत.

दादा माझा थोरला भाऊ. मुंबईच्या एका कचेरीत त्याने सारी हयात हिशेब तपासण्यात घालविली. २०२१ सालच्या श्रावणात तो गेला. पुढे पुतण्याने कागदपत्रांची आवराआवर केली तेव्हा एक लांबट वही माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाला, "काका, यात कसलीतरी गणितं आहेत. तुम्हांला समजतात का पाहा." वहिनींनी ती कधी उघडलीच नव्हती. घरातल्या अशा डझनभर वह्यांसारखी हीही हिशेबाचीच असणार असे त्यांनी धरून चालले होते.

हिशेबाची होती खरी. पण पैशांच्या नव्हे. पहिल्या पानावर दादाच्या कोरीव अक्षरांत लिहिले होते, 'गुहागर — पाच दिवस'. खाली मुद्दे. खोली तळमजल्यावर हवी. पायऱ्या तीनपेक्षा जास्त नकोत. संडास खुर्चीचा हवा, पकडायला दांडी असल्यास उत्तम. घरापासून पुळणीपर्यंत वाट सपाट आहे का ते विचारणे. वीज गेल्यास पंख्याची सोय काय, ते विचारणे. आणि मग एक चौकट आखून तीत लिहिलेले, 'कोजागिरी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.'

ही पाऊणपट मला ओळखीची होती. लहानपणी आम्ही दाभोळच्या खाडीकाठी आजोळी जात असू, तेही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. पावसाळ्यात बोटी बंद असत आणि पावसाळा सरला की पुन्हा सुरू होत. तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने दादाला आणि मला भरतीचे गणित शिकविले होते. तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजायचे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो. पण आमच्या किनाऱ्यावर तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

आता यात गुडघ्यांचा काय संबंध, असे वाचक विचारतील. सारा संबंध तोच आहे! समुद्रावर म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो तो वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूचा. पाऊल रुतते, घोटा वळतो, गुडघा बोलू लागतो. तेच ओहोटीला पाणी मागे हटले, की खालची ओली वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होते. तिच्यावर काठी टेकत कुणीही चालावे. पण ओहोटी आपल्या सोयीने येत नाही. अष्टमीच्या सुमारास गेलात तर सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला नेमकी भरती असते आणि चालायच्या वेळी हाती येते ती भुसभुशीत वाळूच. ओहोटी येते ती भर दुपारी, डोक्यावर ऑक्टोबरचे ऊन असताना. पौर्णिमेला मात्र भरती दुपारी आणि मध्यरात्री, आणि ओहोटी पहाटे व सांजवेळी. शिवाय उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी इतर दिवसांपेक्षा अधिक मागे जाते आणि पुळण रुंद होते. आणि कोजागिरी अशी सापडते, की गणपतीची गर्दी ओसरलेली असते व दिवाळीची अजून यायची असते. जे ऑफ-सीझन म्हणून लोक नाक मुरडतात, तोच थकलेल्या गुडघ्यांचा खरा सीझन!

आता दादाचे स्वतःचे गुडघे ठणठणीत होते. तो शेवटपर्यंत चार जिने चढत असे. गुडघे दुखत होते ते वहिनींचे.

वहीच्या मागच्या पानावर वर्षांची यादी होती. २०१२ पासून दर वर्षीची कोजागिरीची तारीख, तिच्यावर आडवी रेघ आणि पुढे कारण. 'सुनेचे बाळंतपण.' 'घराचे रंगकाम.' 'नातवाची चाचणी परीक्षा.' 'पाहुणे.' २०२० च्या पुढे 'करोना.' २०२१ ची तारीख लिहिलेली होती. तिच्यावर रेघ नव्हती आणि पुढे काही लिहिलेलेही नव्हते.

तेव्हा, ही सहल मी आखली असे मला म्हणता येणार नाही. मी फक्त दादाच्या वहीतली जुनी माहिती बदलून नवी घातली. रेल्वेतली ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती ओळ खोडली. एसटीने मात्र ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला, ती ओळ घातली. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही चालू असते, तेव्हा नेहमीच्या वेळांवर विसंबायचे नाही, हे लाल शाईने लिहिले. डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्याला ऑक्टोबरच्या घामात चक्कर येऊ शकते, तेव्हा पाणी किती प्यायचे आणि गोळ्यांचे काय करायचे ते त्यांनी प्रत्येकाचे वेगवेगळे सांगितले. औषधे दोन पिशव्यांत निम्मी निम्मी घातली, म्हणजे एक पिशवी हरवली तर दुसरी हाताशी राहील. खोलीसाठी सात ठिकाणी फोन केले. चौघांनी दर सांगितले. दोघांनी एसी आहे म्हणून सांगितले. आणि एकानेच 'पायऱ्या किती?' या प्रश्नावर "थांबा हं, मोजून सांगतो" म्हटले. खोली त्याच्याकडे घेतली. भाडे दिवाळीतल्या भाड्याच्या जवळजवळ निम्मे होते.

राहिल्या वहिनी. त्यांना विचारायला गेलो तर त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही दोघं जाऊन या. मी कशाला मध्ये अडगळ?"

मी गंभीर चेहरा करून दादाची इच्छा वगैरे काही बोलणार, तोच आमची ही म्हणाली, "वहिनी, पाच दिवस यांच्या एकटीच्या तावडीत राहायचं म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक आहे. वेळापत्रक करून मारतील मला. तुम्ही आलात तर निम्मं तुमच्यावर जाईल." वहिनी हसल्या, आणि काम फत्ते झाले. माझे भाषण वाया गेले ते गेलेच.

ठाण्याहून पहाटेच्या गाडीने निघालो. एका मोठ्या बॅगेऐवजी तीन लहान पिशव्या, हाही वहीतलाच मुद्दा. खेड गेले की उठून दाराजवळच्या बाकावर बसायचे, कारण चिपळूणला गाडी आपल्यासाठी ताटकळत नाही. चिपळूणचे स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून रिक्षाने एसटी स्टँड आणि पुढे गुहागरची गाडी. कंडक्टरने आम्हां दोघांना अर्धी तिकिटे दिली आणि वहिनींना शून्य रुपयांचे. वहिनींनी ते उलटसुलट करून पाहिले. "शून्य रुपये म्हणजे फुकट ना? मग तिकीट कशाला?" कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमची सीट मांडलीय त्यात." वहिनींनी तिकीट घडी करून पाकिटात ठेवले. ते अजून तिथेच आहे.

दसरा होऊन गेलेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळवे भात पिवळे पडले होते, कुठे कापणी चालू होती. पण पाऊस अजून पुरता गेला नव्हता. पोहोचलो त्याच संध्याकाळी चार वाजता आभाळ काळवंडले आणि गडगडाट सुरू झाला. घरमालकांनी आम्हांला पडवीतून हलू दिले नाही. "इजा थांबल्याबगर पुळणीवर कोण जात नाय," ते म्हणाले. अशा वेळी मोकळ्या पुळणीवर सर्वांत उंच वस्तू म्हणजे आपण स्वतः असतो, एवढे भौतिकशास्त्र माझ्याही लक्षात होते. पहिली संध्याकाळ अशी गेली. ही माझ्याकडे पाहत होती आणि काही बोलत नव्हती. ते बोलण्यापेक्षा वाईट!

पण ऑफ-सीझनचे मर्म मला त्या पडवीतच कळले. दिवाळीत गेले असते तर मालक आमच्याकडून 'काय आणू?' एवढेच विचारून पळाले असते. आता त्यांना वेळ होता. पावसाने उखडलेले अंगण ते चोपून नीट करीत होते, आणि ते सोडून आमच्यापाशी येऊन बसले. त्यांनी वहिनींना माहेर विचारले. वहिनींचे माहेर सोलापूरचे. समुद्र त्यांनी पाहिला तो लग्नानंतर चौपाटीवर. तोही एका हातात मूल, दुसऱ्या हातात चपला आणि डोळे दुसऱ्या मुलावर, अशा स्थितीत. हे ऐकून मालकिणीने रात्री ताटात कुळथाचे पिठले, गरम भात आणि सोलकढी वाढली आणि सांगितले, "उद्या आंबोळ्या. तुमच्या सोलापुरात नाय मिळायच्या." पाहुणा आणि गिऱ्हाईक यांत काय फरक असतो, तो गर्दी नसतानाच समजतो.

गुहागर ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. मध्ये व्याडेश्वराचे देऊळ, दोन अंगांना वरचा पाट आणि खालचा पाट. एकच लांबलचक रस्ता, घरांच्या पाठीमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्या संपल्या की सुरूची झाडे आणि मग सरळ समुद्र. दुसऱ्या दिवशी कोजागिरी. पहाटे सहाला आम्ही वाडीतून निघालो. वाट सपाट होती, दादाच्या अटीप्रमाणे. पाणी दूर गेले होते आणि ओली पुळण टणक पसरली होती. वहिनींनी काठी टेकवून पाहिली. रुतली नाही. मग एक पाऊल. मग दुसरे. आम्ही दोघे मुद्दामच मागे राहिलो. वहिनी एकट्याच बऱ्याच लांबवर गेल्या. पाच-सहा किलोमीटरच्या त्या किनाऱ्यावर जाळे ओढणारी चार माणसे, दोन कुत्री आणि वहिनी. एवढीच वस्ती!

पाण्यात आम्ही घोट्यापलीकडे उतरलो नाही. हीही वहीतलीच अट, आणि गावकऱ्यांचीही. पावसाळा नुकताच सरलेला असतो, लाटांना ओढ असते. आणि पोहण्याचा मोह ज्या वयात आवरायचा ते वय आता आमचे नाही.

रात्री मालकिणीने थर्मासमध्ये मसाल्याचे दूध भरून दिले. बाराच्या सुमारास आम्ही तिघे सुरूच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो. आता भरती होती. सकाळी जिथे वहिनी चालल्या होत्या तिथे पाणी होते, आणि चंद्र डोक्यावर. कुणी फारसे बोलत नव्हते. हिने मला कोपराने खुणावले. मी वही काढली आणि विजेरीच्या उजेडात वाचू लागलो. खोली तळमजल्यावर. पायऱ्या तीनपेक्षा जास्त नकोत. पकडायला दांडी. मग पाऊणपटीचा हिशेब, आणि तो कशासाठी ते मी समजावून सांगितले.

वहिनी ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हे सगळं माझ्या गुडघ्यांचं?"

"हो वहिनी."

"मागं काय लिहिलंय?"

मी वाचले. बाळंतपण. रंगकाम. चाचणी परीक्षा. पाहुणे.

बराच वेळ लाटांचाच आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "भावजी, रंगारी आठ दिवसांनी आला असता. चाचणी परीक्षेला आजी कशाला लागते? त्यांनी दर वर्षी विचारलं, आणि दर वर्षी मीच म्हटलं, दिवाळीनंतर बघू. माझं नाव लिहिलंय का कुठं?"

मी पुन्हा सारे पान पाहिले. "नाही," म्हटले. "कुठेच नाही."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मला काय बोलावे ते सुचेना. दुखणे गुडघ्याचे असते तर वहीत काहीतरी सापडले असते. हिने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने वहिनीच म्हणाल्या, "दूध गार होतंय. प्या." आम्ही प्यालो. आणि मग त्यांनी विचारले, "उद्या ओहोटी किती वाजता?"

वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे भरती पाऊण वाजता, ओहोटी सातच्या पुढेमागे. मी सांगितले. दुसऱ्या दिवशी द्वितीयेचे मी सांगण्यापूर्वी त्यांनीच सांगितले, "दोनाची पाऊणपट दीड. उद्या साडेसातला निघू, भावजी. आंबोळ्या खाऊन."

'दिवाळीनंतर बघू' हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात आहे. ते बोलणारे माणूस काही दुष्ट नसते. बहुधा ते घरातले सर्वांत कामाचे माणूस असते, आणि आपल्यावाचून घर अडेल असे त्याला मनापासून वाटत असते. घर अडत नाही. आम्ही पाच दिवसांनी परतलो तेव्हा नातू न जेवता राहिला नव्हता आणि दूधवाल्याचा हिशेबही चुकला नव्हता. सूनबाईंनी एवढेच विचारले, "अजून दोन दिवस का नाही राहिलात?" ते आमच्या सुखासाठी विचारले की स्वतःच्या, याची चौकशी मी केली नाही.

यंदा श्रावणातच वहिनींचा फोन आला. "भावजी, पंचांग पाहिलंत का? रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं म्हणे." उघडते खरे, १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नवा नियम झाला आहे, आणि तो मला वहिनींकडून कळला! वही आता त्यांच्याकडेच आहे. मागच्या पानावर २०२१ च्या खाली त्यांनी २०२४ लिहिले आहे आणि पुढे 'गेलो'. त्याच्या खाली यंदाची तारीख आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कोजागिरी होऊन गेलेली असेल. पण म्हणून वर्षभर थांबायचे कारण नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते. मुलांच्या शाळा बहुधा पुन्हा सुरू झालेल्या असतात, खोल्या रिकाम्या असतात, पाऊस गेलेला असतो आणि पंधराची पाऊणपट तेव्हाही सव्वाअकराच असते. दिवाळीनंतर बघू म्हणायचेच असेल तर निदान तिथी तरी ठरवून म्हणा.